‘स्पेड’ला मराठीत काय म्हणायचं? नव्या अनुवादकांसाठी, पायरी पायरीने

काही वर्षांपूर्वी परसबागेवरची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. सोपी भाषा, भरपूर चित्रं, जेमतेम चाळीस पानं. दुसऱ्या पानावरच्या सूचनेचा मी केलेला अनुवाद असा होता: ‘कुदळीवर पाय ठेवून ती जमिनीत दाबा.’ कोशात स्पेड म्हणजे कुदळ असं दिलं होतं, मी ते उचललं आणि पुढे गेले. पुस्तिका छापली, वाटलीही गेली.

त्या दिवाळीत गावी गेले तेव्हा एक प्रत मावशीला दिली. तिचा जन्म कोरेगाव तालुक्यात बागायतीत गेलेला. ती त्या वाक्यापाशी थांबली, दोनदा वाचलं आणि म्हणाली, “अगं, कुदळीवर पाय कुठं ठेवायचा?” मग पडवीच्या कोपऱ्यातली कुदळ आणून तिने माझ्यासमोर उभी धरली. पातं दांड्याला आडवं. पाय ठेवायला जागाच नाही, आणि ठेवलाच तर पातं जमिनीत जाणार नाही, कुदळ नुसती कलंडेल. ज्याच्या घरात कुदळ आहे त्या प्रत्येकाला ते वाक्य वाचताक्षणी खोटं वाटलं असणार. पुस्तिकेतल्या बाकीच्या चांगल्या माहितीवरही मग त्याने का विश्वास ठेवावा? ही गोष्ट मला आजही बोचते.

त्यानंतर शेती, बांधकाम, पत्त्यांचे खेळ, कथा, बातम्या अशा नाना मजकुरांत हा शब्द माझ्यासमोर येत राहिला. दर वेळी त्याचं मराठी वेगळं निघालं. नव्याने अनुवाद करू लागलेल्यांना तोच गोंधळ पुन्हा घालावा लागू नये म्हणून मी आता कशी जाते ते इथे क्रमाने लिहिते.

आधी जवळ काय ठेवाल

- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशसंग्रहात तो विनामूल्य शोधता येतो.
- मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७चा इंग्रजी-मराठी कोश. जुना आहे, पण अवजारांच्या बाबतीत जुना असणं फायद्याचंच.
- दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. प्रांतोप्रांतीचे शब्द इथे सापडतात.
- भाषा संचालनालयाचा कृषिशास्त्र परिभाषा कोश, मजकूर सरकारी किंवा अभ्यासक्रमाचा असेल तर.
- मूळ मजकुरातली चित्रं. ग्राहकाने नुसता मजकूर पाठवला असेल तर चित्रं मागून घ्या. संकोच करू नका.
- शेती करणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा आणि जवळच्या हार्डवेअर दुकानाचा फोन नंबर. सगळ्या कोशांपेक्षा मला याच दोन नंबरांनी जास्त वेळा वाचवलं आहे.

कोश वापरताना एक सवय लावून घ्या. इंग्रजी-मराठी कोशात जो शब्द मिळाला तो तसाच उचलू नका. तो मराठी शब्द उलटा मोल्सवर्थमध्ये बघा आणि तिथलं वर्णन वाचा. माझ्या पुस्तिकेच्या वेळी मी हे दोन मिनिटांचं काम केलं नव्हतं.

१. हा स्पेड नक्की कुठला, ते ठरवा

इंग्रजीत या एका उच्चाराखाली निदान चार वेगळ्या वस्तू राहतात: माती खणायचं अवजार, पत्त्यांमधला काळा रंग, वाक्प्रचारांतला स्पेड, आणि एक जातिवाचक शिवी. बहुतेक वेळा आजूबाजूच्या दोन ओळींवरून उलगडा होतो.

दोन ठिकाणी मात्र पाय घसरतो. पहिलं, प्राण्यांच्या दवाखान्याचा मजकूर. मादी कुत्रीची किंवा मांजरीची गर्भधारणा कायमची थांबवण्याच्या शस्त्रक्रियेला इंग्रजीत ‘स्पे’ म्हणतात आणि ती झालेल्या प्राण्याला ‘स्पेड’. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, पण उच्चार तोच, आणि देवनागरीत लिहिलं की फरक उरतच नाही. ध्वनिफितीवरून किंवा यंत्राने उतरवून घेतलेल्या मजकुरावर काम करत असाल तर जपा. मला अशा एका व्हिडिओच्या उताऱ्यात चक्क फावड्याचं स्पेलिंग आलेलं मिळालं होतं. संदर्भ भटक्या कुत्र्यांचा होता म्हणून लक्षात आलं. मराठीत इथे ‘नसबंदी’ किंवा ‘निर्बीजीकरण’ लिहा. महापालिकांच्या सूचनांत दुसरा शब्द जास्त दिसतो, बोलण्यात पहिला.

दुसरं ठिकाण, अमेरिकन कथा-कादंबऱ्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तिथे हा शब्द कृष्णवर्णीयांसाठी शिवी म्हणून वापरला गेला. त्याचं मूळ पत्त्यांतल्या त्या काळ्या रंगात आहे. संवादात कुणी माणसाला उद्देशून हा शब्द वापरला असेल तर तिथे ना फावडं चालेल ना इस्पिक. बोलणारा अपमान करतो आहे, तो अपमान मराठीत पोचला पाहिजे. संपादकाशी बोलूनच शब्द ठरवा.

२. पातं काय करतं आणि हातपाय काय करतात ते बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण खरी अडचण इथेच आहे. इंग्रज माळ्याचा स्पेड आपल्या परंपरेत जवळपास नाहीच. त्याचं पातं सपाट, दांड्याच्या सरळ रेषेत असतं. पात्याच्या वरच्या कडेवर बुटाचा तळवा टेकवून अंगाचा भार द्यायचा, पातं उभं खाली जातं, मग दांडा मागे दाबून ढेकूळ उचलायचं आणि उलटं टाकायचं. म्हणजे कामाचा जोर पायात, आणि दिशा खाली व पुढे.

आता आपल्याकडची अवजारं मनात आणा.

कुदळ: अरुंद, जाड, लांब पातं, दांड्याला आडवं बसवलेलं. खांद्यावरून वर न्यायची आणि घाव घालायचा. जोर खांद्यात आणि कमरेत.

टिकाव: दोन तोंडांचा. एक तोंड टोकदार, दुसरं चपटं. मुरूम, दगडगोट्यांची जमीन, जुना पक्का रस्ता अशा ठिकाणी.

खोरं किंवा फावडं: रुंद पातं, दांड्याकडे वळलेलं. वाकून उभं राहायचं, पातं मातीत रोवायचं आणि स्वतःकडे ओढायचं. ओढलेली माती घमेल्यात भरायची किंवा बाजूला सारायची.

पहार: नुसती लोखंडी कांब, एका टोकाला चपटी धार. खांबाचा खड्डा घ्यायला, दगड उलथायला.

खुरपं: बसून, एका हाताने. तण काढायला, रोपाभोवतीची माती हलवायला.

यांतल्या एकावरही पाय ठेवत नाहीत. मला वाटतं यामागे जमीन आणि पाय दोन्ही आहेत. उन्हाळ्यात तडकलेली काळी जमीन पायाच्या भाराने फुटत नाही, तिला वरून घाव लागतो. आणि अनवाणी किंवा चपलेतल्या पायाने लोखंडी कडेवर दिवसभर भार देणं शक्य नाही. त्यामुळे इंग्रजी स्पेडचं एक काम आपण दोन अवजारांत वाटून टाकलं: फोडायचं कुदळीने, ओढायचं खोऱ्याने.

खोरं हे फक्त खणण्याचं हत्यार नाही, हेही ध्यानात ठेवा. मावशीकडे रात्रीची वीज असे तेव्हा मामा बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला जात. एक सरी भरली की खोऱ्याच्या दोन-तीन ओढीत पाटाची माती सारून पाणी पुढच्या सरीत मोडायचं, मागच्या सरीचं तोंड त्याच मातीने बांधायचं. अंधारात, चिखलात, पाण्याच्या आवाजावरून. इतकं नेमकं काम त्या रुंद पात्याने होतं. इंग्रजी मजकुरात सिंचनाच्या पाटाजवळ स्पेड आला तर तिथे बिनधास्त ‘खोरं’ लिहा, कुदळ मुळीच नको.

मग पायाने दाबायच्या स्पेडचं करायचं काय? दोनच वाटा आहेत, आणि कुठली घ्यायची ते मजकुराच्या हेतूवर ठरतं.

वाचकाच्या हातात तीच वस्तू असणार असेल, म्हणजे अवजारासोबतचं माहितीपत्रक, परदेशातल्या बागेबद्दलचा लेख, ब्रिटनमध्ये घडणारी कथा, तर वस्तू तशीच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तेव्हा वर्णन करा: ‘सरळ पात्याचं फावडं, ज्याच्या वरच्या कडेवर पाय देऊन ते मातीत दाबतात’. पुढे सगळीकडे ‘सरळ फावडं’ पुरतं. शहरांतल्या काही रोपवाटिकांमध्ये हे अवजार आता मिळतं, त्यामुळे वाचकाला ते अगदीच परकं वाटणार नाही.

वाचकाला स्वतःच्या अवजारांनी काम करायचं असेल, तर वाक्यच बदला. माझ्या त्या सूचनेचं आजचं रूप असं: ‘कुदळीने वीतभर खोल खणा. ढेकळं फोडा आणि सुटी झालेली माती खोऱ्याने वाफ्याच्या कडेला ओढा.’ मुळात एक अवजार होतं, मराठीत दोन झाली, पाय गेला आणि काम मात्र तेच राहिलं.

एक सापळा: शॉवेल आणि स्पेड. इंग्रजीतही बोलताना लोक गल्लत करतात. शॉवेलचं पातं खोलगट, कडा वर उचललेल्या. ते सुटी वस्तू उचलण्यासाठी असतं, म्हणजे वाळू, खडी, कोळसा, बर्फ. दोन्ही एकाच पानावर आले तर दोघांना ‘फावडं’ म्हणून भागणार नाही. मी ‘सरळ फावडं’ आणि ‘खोलगट फावडं’ असं करते. साधं आहे, पण कुणी अडखळत नाही.

आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या मुलांच्या हातातली ती प्लास्टिकची वस्तू? ‘बादली-फावडं’. तिथे चिकित्सा करत बसू नका.

३. वाचक कुठला आहे ते विचारा

पुण्या-साताऱ्याकडे ज्याला खोरं म्हणतात त्याला मराठवाड्यात आणि विदर्भात फावडं किंवा पावडं म्हणतात. टिकाव विदर्भात टिकास होतो, पहारेची तिकडे सब्बल होते. कोकणात आणि गोव्याकडे पहार म्हणजे पारय, टिकाव म्हणजे पिकाव किंवा पिकास. काही गावांत फावडं आणि खोरं दोन्ही शब्द चालतात आणि त्यांत पात्याच्या आकाराचा फरक मानतात. म्हणूनच दुकानदाराला फोन करताना नाव विचारू नका, काम सांगा. “माती ओढून घमेल्यात भरायला जे लागतं ते तुमच्याकडे काय नावाने मागतात?” असं विचारलं की उत्तर लगेच येतं.

पानी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झाली: साताऱ्यातलं कोरेगाव, बीडमधलं अंबाजोगाई आणि अमरावतीतलं वरूड. समतल चर खणायचं काम तिन्हीकडे सारखंच, पण तीन विभागांतल्या तीन बोली. तुमचा मजकूर असा राज्यभर जाणार असेल तर पहिल्या वेळी दोन नावं जोडून द्या, ‘खोरं (फावडं)’, आणि नंतर एकच धरून चाला. एका परिच्छेदात खोरं आणि पुढच्यात फावडं असं केलंत तर वाचक दोन वेगळी अवजारं शोधत बसतो.

प्रमाण लेखनात आणखी एक अडचण आहे. ‘खोरं’चं लेखी रूप ‘खोरे’, आणि खोरे म्हणजे नदीचं खोरंही. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाच्या नावातलं खोरे हेच. पाणलोटावरच्या लेखात दोन्ही खोरी एकाच पानावर येऊ शकतात: ‘खोऱ्यातील माती खोऱ्याने ओढून’. अशा वेळी अवजाराला ‘फावडे’ म्हणा, गोंधळ मिटतो. टिकावचंही तसंच. ‘त्यांचा टिकाव लागला नाही’ या वाक्यात कुणाच्याही हातात टिकाव नसतो, पण यंत्राने केलेल्या भाषांतरात तिथे अवजार उगवू शकतं. यंत्राचा मसुदा तपासायचं काम घेत असाल तर हे दोन शब्द मुद्दाम शोधून बघा.

४. क्रियापद आणि माप बदला

अवजाराचं नाव बरोबर आलं तरी वाक्य परकं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा क्रियापद असतं. इंग्रजीत एका ‘डिग’वर सगळं भागतं. मराठीत विहीर खणतात, चर खणतात किंवा खोदतात, रताळी उकरतात, जमीन खांदतात, आळं करतात, माती ओढतात, सारतात, भरतात, लोटतात. कुदळ मारतात, पहार घालतात, खुरपं चालवतात. ‘कुदळीचा वापर करून जमीन खोदावी’ असं शेतावर कुणी बोलत नाही. ‘कुदळीने जमीन खणा’ एवढं पुरे.

मापाचं सांगते. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत ‘एक स्पिट खोल’ असं येतं. स्पिट म्हणजे स्पेडच्या पात्याची लांबी, साधारण नऊ-दहा इंच. हा शब्द कोशात बघायला जाल तर थुंकणं आणि मांस भाजायची सळी यांत अडकाल. आपल्याकडे याला तयार माप आहे: वीत. मोठ्या माणसाची वीत नऊ इंचांच्या आसपास भरते आणि दोन विती म्हणजे एक हात. ‘डबल डिगिंग’, म्हणजे दोन स्पिट खोल खणणं, यासाठी मी ‘हातभर खोल, दोन थरांत’ असं लिहिते. शेतकरी ते हाताने मोजूनच बघतो. तांत्रिक मजकुरात जोडीला सेंटिमीटर द्या.

५. अवजाराचे भाग: लोहार-सुताराचे शब्द उचला

माहितीपत्रकात ब्लेड, हँडल, सॉकेट, वेज असे शब्द येतील. लिप्यंतर करायची गरज नाही, या सगळ्यांना रोजचे शब्द आहेत. पातं. दांडा. दांडा ज्या भोकात बसतो ते नेढं. दांडा ढिला होऊ नये म्हणून ठोकतात ती पाचर. धार बसते त्या टोकाला तोंड. दांडा बाभळीचा, बोरीचा किंवा धावड्याचा चांगला, असं जुनी माणसं सांगतात. चिवट लाकूड हवं, नुसतं कठीण नको.

मावशीच्या गावच्या लोहाराकडे मी एकदा तासभर बसले होते, केवळ शब्दांसाठी. झिजून बोथट झालेली कुदळ आली होती. त्याने ती भट्टीत तांबडीलाल केली, ऐरणीवर घणाने ठोकून तोंड पुन्हा लांबवलं आणि मग फक्त टोक क्षणभर पाण्यात बुडवून काढलं. चर्रर्र असा आवाज, वाफ, आणि तो टोकाकडे बघत थांबला. रंग उतरत गेला, त्याच्या मनासारखा झाला तेव्हा पुन्हा बुडवलं. झिजलेलं तोंड असं नव्याने काढण्याला ‘शेवटणे’ म्हणतात, आणि त्या बुडवण्याला ‘पाणी देणे’. पाणी जास्त झालं की टोक दगडावर तुटतं, कमी झालं की वाकतं. इंग्रजीतल्या ‘टेम्परिंग’साठी परिभाषा कोशात संस्कृत शब्द मिळेल, विद्यापीठाच्या पुस्तकात तो वापराही. पण कारागिरांसाठी किंवा शेतकऱ्यांसाठी लिहिताना ‘पाणी देणे’ हाच शब्द ठेवा. तो लोहाराला कळतो आणि कुदळ घेऊन त्याच्याकडे येणाऱ्यालाही.

६. पत्त्यांतला स्पेड: हुकूम नव्हे, इस्पिक

मराठीत चार रंग इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर. म्हणजे स्पेड इथे इस्पिक. सोपं वाटतं, पण हिंदीमुळे मोठा खड्डा तयार झाला आहे. हिंदीत स्पेडलाच ‘हुकुम’ म्हणतात. मराठीत हुकूम म्हणजे त्या डावात वरचढ ठरवलेला रंग, मग तो बदाम असो की किलवर. हिंदीतला ‘हुकुम का इक्का’ म्हणजे मराठीतला ‘इस्पिकचा एक्का’. त्याचं ‘हुकमाचा एक्का’ केलंत तर अर्थ बदलला, आणि बातम्यांत, मालिकांच्या अनुवादात हे सर्रास होतं. हिंदीवरून मराठी करणाऱ्यांनी ‘हुकुम’ दिसला की थांबायचंच.

खेळाच्या नियमांचा अनुवाद असेल तर घरातल्या खेळांची भाषा वापरा. झब्बूत ज्याच्याकडे इस्पिकचा एक्का त्याने उतारी करायची, हे पोरंही सांगतात. उतारी, हात, पिसणे, वाटणे, कापणे, हुकूम बोलणे हे सगळे शब्द तयार आहेत.

या रंगाचं नाव आणि खणायचं अवजार इंग्रजीत सारखं असलं तरी ते दोन वेगळ्या वाटांनी आले. अवजाराचा शब्द जुन्या इंग्रजीतला. पत्त्यांचा शब्द इटालियन-स्पॅनिशमधून आला, तिथे त्याचा अर्थ तलवार. त्या देशांच्या पत्त्यांवर तलवारीच असतात. मागे खोल गेलं तर दोन्ही रुंद पात्याच्या एकाच कुळात भेटतात. तरीही इस्पिकच्या चिन्हाला कुठल्याही मजकुरात ‘फावड्याचं चिन्ह’ म्हणू नका. चीनच्या प्राचीन चलनाबद्दल वाचताना मात्र ‘स्पेड मनी’ येईल, ती खरोखरच फावड्याच्या आकाराची काशाची नाणी होती. तिथे फावडंच हवं.

सावंतवाडीच्या गंजिफांवर काही करत असाल तर तिथे पारंपरिक जोडात इस्पिक शोधू नका. दशावतारी गंजिफात दहा रंग, दर रंगाचे बारा, असे १२० गोल पत्ते असतात आणि रंग असतात ते विष्णूच्या अवतारांचे.

७. वाक्प्रचार: अवजार सोडून द्या

‘कॉल अ स्पेड अ स्पेड’चं ‘कुदळीला कुदळ म्हणणे’ असं भाषांतर मी अग्रलेखांतसुद्धा वाचलं आहे. मराठी कानाला त्यातून काहीच कळत नाही. कुदळीला कुदळ नाही तर काय म्हणणार? मराठीत माणूस रोखठोक बोलतो, आडपडदा ठेवत नाही, भीडभाड ठेवत नाही, तोंडावर सांगतो. यातलं प्रसंगाला बसेल ते घ्या.

या वाक्प्रचाराचा जन्मच एका अनुवादात झाला, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. प्लुटार्कच्या ग्रीक मजकुरात मॅसिडोनियाचा राजा फिलिप म्हणतो की माझी माणसं आडदांड आहेत, ती द्रोणीला द्रोणीच म्हणतात. ग्रीक शब्द होता ‘स्काफे’, म्हणजे कोरून केलेलं भांडं किंवा होडी. सोळाव्या शतकात इरॅस्मसने लॅटिनमध्ये आणताना तिथे खणायच्या अवजाराचा शब्द घातला, आणि १५४२ साली निकोलस युडॉलने त्याचं इंग्रजी करताना ‘स्पेड’ लिहिलं. भांड्याचं अवजार झालं ते कायमचंच. तेव्हा या वाक्प्रचारातल्या अवजाराशी इमान राखायची काहीच गरज नाही.

‘इन स्पेड्स’ म्हणजे भरपूर, वारेमाप. हा पत्त्यांतून आला. ब्रिजमध्ये इस्पिक सगळ्यांत वरचा रंग. ‘इस्पिकमध्ये मिळाले’ असं लिहिलंत तर अनर्थ. संदर्भ पैशाचा असेल तर मराठीत अगदी नेमका प्रयोग आहे: खोऱ्याने ओढणे. ‘तो खोऱ्याने पैसा ओढतो आहे.’ इंग्रजीत पत्ता आणि मराठीत अवजार, हा योगायोगच. पण आपल्या प्रयोगात क्रियापद ‘ओढणे’ आहे बघा, कारण खोरं ओढूनच चालतं. गुण, उत्साह, प्रेम यांच्याबद्दल असेल तर मात्र ‘ठासून भरलेला’, ‘भरभरून’ असं काही घ्या. खोऱ्याने फक्त पैसाच ओढतात.

‘स्पेडवर्क’ म्हणजे आधीची कष्टाची, न दिसणारी तयारी. ‘पूर्वतयारी’ किंवा ‘पायाभरणी’. मला दुसरा जास्त आवडतो, त्यात माती शिल्लक राहते.

आणि एक जागा अशी, जिथे कुदळच बरोबर. इंग्रजी बातमीत पाहुण्याने स्पेडने मातीचं पहिलं ढेकूळ उलटून कामाला आरंभ केला असं असेल, तर मराठीत ‘कुदळ मारून कामाचा शुभारंभ’. आपल्याकडे भूमिपूजनाला नारळ फुटतो आणि कुदळ मारली जाते. शुभारंभाला कुणी खोरं ओढत नाही.

८. छापायला देण्याआधी

सूचनांचा मजकूर असेल तर ते अवजार कधी ना कधी हातात धरलेल्या माणसाला वाचून दाखवा. फोनवरही चालतं. ‘कळलं का?’ असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘आता तुम्ही काय कराल ते सांगा’ असं विचारा. तो जे सांगेल ते तुमच्या वाक्याशी जुळलं नाही तर वाक्य बदला, त्याला समजावत बसू नका. मी असं वाचून दाखवायला लागल्यापासून दर पुस्तिकेत निदान तीन-चार जागा सापडल्या आहेत. एकदा ‘माती वर उचलून टाका’ हे ऐकून मामांनी विचारलं, “कशात? घमेलं आणायचं सांगितलंच नाहीस.” मूळ इंग्रजीत घमेलं नव्हतं, कारण स्पेडच्या पात्यावरच माती उचलली जाते. खोऱ्यावर ती राहत नाही. साहित्याच्या यादीत मी घमेलं घातलं आणि ग्राहकाला दोन ओळींत कारण कळवलं. तो लगेच तयार झाला.

तुमच्या वहीत या शब्दाला अर्धं पान ठेवा: तारीख, मजकूर कसला, वाचक कुठला, कुठला शब्द घेतला आणि का. माझ्या वहीत ‘स्पेड’ खाली सध्या चौदा नोंदी आहेत. पहिली नोंद मावशीच्या प्रश्नाची आहे.